पाखराचा बिल्ला

“बाई, सायकल खुशाल घेऊन जा. एवढा बिल्ला मात्र माझ्यापाशी ठेवून जा,” मी म्हणालो.

कुमुद देसूरकर बाईंनी हँडलवरचा हात काढला नाही. “आवटी, हे तुम्ही वर्षभरात कितव्यांदा म्हणताय?”

“मोजलं नाही.”

“आमच्या वर्गात नलू पाटील रोज ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ म्हणते. तिच्या खालोखाल तुमचा नंबर.”

आतून हमीदचाचा बोलले, “बाई, त्याला देऊ नका. आज बिल्ला मागतोय, उद्या घंटी मागंल, परवा...” आणि तिथेच थांबले. कुठे थांबायचं ते चाचांना बरोबर कळायचं. वाक्य अर्धवट सोडून दुसऱ्याला घाम फोडणारा असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे चौसष्ट सालचं, मार्च अखेरचं. मिरजेत स्टेशनच्या रस्त्याला ‘मुजावर सायकल वर्क्स’ हे हमीदचाचांचं दुकान होतं आणि मी, दिनकर आवटी, वय वर्षं बावीस, तिथला मिस्त्री. वाकड्या चाकाचा आऊट काढण्यात माझा हात धरणारा सांगलीपर्यंत कुणी नव्हता. आता तुम्ही म्हणाल, हा थापा मारतो. मारतो. पण ही त्यातली नाही. वाटल्यास मिरजेत विचारा. विचारायला त्या वेळचं कुणी उरलेलं नाही, एवढी एकच अडचण आहे.

बिल्ला म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आजच्या पोराटोरांनी सायकलीवर नुसते स्टिकर पाहिलेत. हँडलच्या खाली जी उभी नळी असते, तिला चाचा सायकलीचं कपाळ म्हणायचे. जुन्या विलायती सायकलींना त्या कपाळावर कंपनीचा बिल्ला असायचा. तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा, त्यावर कोरलेलं चित्र, कोरलेल्या खळग्यांत रंगीत काचेची भुकटी भरायची आणि भट्टीत घालायचा. काच वितळून पत्र्याला कायमची बसते. ऊन लागो, पाऊस लागो, तो रंग उडत नाही. फक्त ठोका बसला तर टवका जातो. पुढे विलायती माल यायचा बंद झाला, मग पत्र्यावर नुसता रंग मारून भागवलं, मग ॲल्युमिनियम आलं, मग कागद. सायकल तीच, पण कपाळ गेलं.

मला त्या वयातच या बिल्ल्यांचं वेड लागलं होतं. भंगारात निघालेल्या सायकलींचे नऊ बिल्ले माझ्याकडे गोळा झाले होते. सिंह होता, तलवार होती, एक तोंड वासलेला मासा होता. पण बाईंच्या सायकलीवर होता तसा एकही नव्हता.

ती हिरवी लेडीज सायकल बाईंच्या वडिलांनी बेळगावच्या कँपातल्या एका मडमेकडून घेतलेली. बिल्ला अंड्याच्या आकाराचा. त्यावर गडद निळं आभाळ आणि त्या आभाळात वर वर जाणारं एक तपकिरी पाखरू, चोच उघडी, म्हणजे गात असलेलं. खाली इंग्रजीत ‘लार्कफील्ड, कॉव्हेंट्री’. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही वाचता येत नव्हतं. मी त्यांना नाव वाचून दाखवलं तर म्हणाले, “काय, लाडकी?” तेव्हापासून दुकानात त्या सायकलीचं नाव लाडकी पडलं. “दिन्या, लाडकी आली बघ,” असं चाचा मोठ्यानं म्हणायचे, आणि बाई सायकलीवरून उतरता उतरता ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. हंगामी नेमणूक होती, एक वर्षाची. गावात मावशीकडे राहायच्या. आठवड्यातून एकदा सायकल घेऊन दुकानात यायच्या, कारण मागचं मडगार्ड वाजायचं. ते का वाजायचं हे आता सांगायला हरकत नाही. दर वेळी दुरुस्त करताना त्याचा स्क्रू मी अर्धा फेरा सैल ठेवायचो. अर्धा फेरा म्हणजे बरोबर सहा दिवस. पाव फेरा ठेवला तर बारा दिवस लागायचे. हे गणित मला कुठल्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

स्क्रू आवळता आवळता मी त्यांना बिल्ल्याची हकिकत सांगायचो. एकदा सांगितलं, या आभाळाच्या निळ्यासाठी राणीच्या फुटक्या बांगड्या वाटल्या होत्या. एकदा सांगितलं, हा बिल्ला भट्टीतून काढला तेव्हा पाखरू खरंच गायलं आणि कारागीर तिथेच बहिरा झाला. बाई शांतपणे ऐकायच्या आणि शेवटी गुण द्यायच्या.

“राणीच्या बांगड्यांना दहापैकी चार. गेल्या आठवड्यात तुम्ही मोराच्या डोळ्याचं पाणी म्हणाला होतात.”

“आणि बहिऱ्या कारागिराला?”

“सहा. पण गाणं ऐकून बहिरा झाला, तर दुसऱ्या दिवशी त्यानं ते कुणाला सांगितलं कसं?”

“बहिरा झाला बाई, मुका नाही झाला.”

“सात,” बाई म्हणाल्या. सातच्या वर त्यांनी मला कधी दिले नाहीत.

“पाखरू बघतोस का बाई बघतोस?” त्या गेल्यावर चाचा विचारायचे. मी पंप हातात घेऊन कुठल्या तरी टणक चाकात हवा भरत बसायचो.

मार्च अखेर म्हणजे आमच्या धंद्यात धांदल. नगरपालिकेचं सायकलींचं वर्ष एप्रिलला बदलायचं. प्रत्येक सायकलीला नवा परवाना लागायचा. लोक स्वतः कशाला जातील? आपापल्या दुकानदाराला सांगून मोकळे व्हायचे. मी गिऱ्हाइकांची यादी घेऊन कचेरीत रांग लावायचो आणि सगळ्यांचे परवाने एकदम घेऊन यायचो. त्या वर्षीच्या यादीत बाईंचं नाव नव्हतं. शाळा पुढच्या वर्षी त्यांना ठेवणार की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि शाळेनं ठेवलं तरी त्या राहणार की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटचा पेपर तपासून झाला त्या दिवशी बाई दुकानात आल्या. सोबत पिशवी, वेणीत अबोली. चाचा नमाजाला गेले होते.

“सायकल इथेच ठेवते. सुट्टीत सगळी उघडून साफ करा,” त्या म्हणाल्या. “परत यायचं ठरलं तर कळवते. नाही ठरलं तर पार्सलनं बेळगावला पाठवून द्या.”

“ठरणार कशावर?”

“शाळेकडून पत्र आलं तर एक. दुसरं म्हणजे दादानं हुबळीचं एक स्थळ बघून ठेवलंय. तो म्हणतो, मिरजेत तुझं काय ठेवलंय?” त्यांनी पदराच्या टोकानं बिल्ल्यावरची धूळ पुसली. “मलाही सांगता आलं नाही, काय ठेवलंय ते.”

वर्षभर मी त्या बाईंना राणीच्या बांगड्यांपासून बहिऱ्या कारागिरापर्यंत काय काय सांगितलं होतं. त्या घटकेला एक खरं वाक्य बोलायचं होतं, आणि ते अगदी लहान होतं. मी म्हणालो, “मडगार्ड वाजतंय तुमचं.”

“ते वाजतंच,” बाई म्हणाल्या.

त्या पायरी उतरल्या तेव्हा मी मागून विचारलं, “आणि बिल्ला?”

त्या वळल्या. हसत होत्या, पण नेहमीसारख्या नाही. “मी गेले तर काढून घ्या. राहिले तर तो सायकलीवरच शोभतो.”

पुढे तीन आठवडे मी लाडकीचा एकेक छरा काढून रॉकेलमध्ये धुतला. चेन उकळत्या ग्रीसमध्ये बुडवली. फ्रेम इतकी घासली की चाचा म्हणाले, “लेका, रंग जाईल, खाली माणूस निघंल.” मडगार्डचा स्क्रू मात्र अर्धा फेरा सैल ठेवला. रोज दहा वाजता पोस्टमन बसर्गे कोपऱ्यावर दिसले की माझ्या हातातला पाना पडायचा.

एप्रिलच्या चोविसाव्या तारखेला कार्ड आलं. चाचांच्या नावानं होतं. कुणा भल्या घरची मुलगी दुकानातल्या मिस्त्रीच्या नावानं कार्ड टाकेल कशी? बसर्गे मामांनी ते माझ्या हातात दिलं, मिशीत हसले आणि गेले.

चाचांची पत्रं वाचून दाखवायचं काम माझंच होतं. दोन ओळींचं पत्र मी दहा ओळींचं करून वाचायचो. त्यांच्या सोलापूरच्या मेव्हण्याची म्हैस माझ्या वाचनात एका वर्षात दोनदा व्याली होती. पण हे कार्ड मी आधी मनात वाचलं.

‘ती. हमीदचाचा यांस सा. न. मी खुशाल आहे. शाळेचे पत्र आले. माझ्या सायकलीचा बिल्ला काढून ठेवावा. आवटींना आवर्जून सांगावे. बाकी भेटीत. कुमुद देसूरकर.’

“काय म्हणतायत बाई?” चाचांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी पत्र होतं त्याहून लहान करून सांगितलं. म्हणालो, “येत नाहीत म्हणतात.”

चाचांनी आपला चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी मी लाडकी पुढे घेतली. बिल्ला दोन बारीक रिबटांनी बसवलेला होता. पातळ छिन्नी घेतली, कापडाची घडी मध्ये धरली आणि हलके हलके ठोकत गेलो. शेवटचा ठोका जरा जोरात बसला. पाखराच्या उजव्या पंखाच्या टोकाला मोहरीएवढा टवका उडाला. मग बिल्ला सुटून तळहातावर आला. त्याखालचा रंग पाहून मी छिन्नी खाली ठेवली. बाकीची फ्रेम उन्हानं पोपटी झालेली, आणि बिल्ल्याखालची अंड्याएवढी जागा गर्द हिरवी, कोरी, जशी तीस वर्षांपूर्वी कॉव्हेंट्रीहून निघाली असेल तशी. इतकी वर्षं तिला ऊनच लागलं नव्हतं.

“कपाळ मोकळं केलंस पोरा,” चाचा म्हणाले.

“बाईंनीच सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी सायकलीला गोणपाट गुंडाळलं. गुंडाळण्याआधी मडगार्डचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला. आता तो सैल ठेवून कुणाला काय उपयोग? स्टेशनवर जाऊन पार्सल बेळगावला लावलं, आणि बिल्ला रुमालात बांधून घरी नेला. माझ्या संग्रहातला तो दहावा, आणि आधीचे नऊ एकत्र केले तरी त्याच्या पासंगाला पुरणार नाहीत असा. मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा नाही.

मेच्या चौदा तारखेला दुपारी बसर्गे मामा सायकल ढकलत दुकानात आले. गाडीला नंबर नाही म्हणून चौकात त्यांना हटकलं होतं, त्यामुळे चिडलेले.

“दिनू, माझा बिल्ला काढून ठेवलास का नाही?”

“ठेवलाय की मामा. तुम्हीच न्यायला आला नाही.” मी खण उघडला, त्यातला पत्र्याचा बिल्ला काढून त्यांच्या हातावर ठेवला. रोजच्या सवयीचं काम. डोकं लागतच नाही.

मामांनी तो उलटापालटा करून बघितला. “आणि देसूरकर बाईंचा? तोही काढलास न्हवं? कार्डात लिहिलं होतं त्यांनी.”

“कार्ड तुम्ही वाचलंत?”

“उघडं कार्ड कोण वाचत नाही रे? पाकिटात घातलं असतं तर नसतं वाचलं.” ते हसले. “मी तवाच म्हटलं, चला, पोरगी येतीया जूनला परत. यायचं नसतं तर सालभराचा बिल्ला कशाला काढायला सांगंल?”

इथे मला एक गुन्हा कबूल केला पाहिजे. मघाशी मी तुम्हाला ‘परवाना, परवाना’ म्हणत होतो, ती माझी लबाडी. मिरजेत परवाना कुणी म्हणत नसे. नगरपालिका दर साली सायकलीसाठी पत्र्याचा एक नंबर द्यायची, तो हँडलच्या बोल्टात अडकवायचा, आणि त्यालाही लोक बिल्लाच म्हणायचे. तो कचेरीतून आणणं म्हणजे बिल्ला काढणं, जसं तिकीट काढणं. मार्च महिन्यात आमच्या दुकानात दुसरं बोलणंच नसायचं. “बिल्ला काढून ठेव रे.” तलाठी म्हणायचा, दूधवाला म्हणायचा, मास्तर म्हणायचे. मीही चाळीस जणांना “काढून ठेवतो” म्हटलं होतं. तेच वाक्य, त्याच शब्दांत, बाईंनी लिहिलं होतं. गावात एका माणसालाच त्याचा दुसरा अर्थ लागला असता, आणि नेमक्या त्याच्याच हातात ते कार्ड पडलं. मघाशी मी तो शब्द लपवला, तो अशासाठी की तुम्हीही माझ्यासारखेच चुकावेत. एकट्यानं मूर्ख ठरायला मला आजही आवडत नाही.

चाचा आतून बाहेर आले होते. “ते कार्ड वाच,” म्हणाले. “शब्दाला शब्द.”

मी वाचलं. चाचांनी ऐकलं. एरवी त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या. त्यांनी फक्त डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. “मला ही ओळ ऐकवली असतीस तर,” ते म्हणाले, आणि थांबले.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. कारकुनानं चष्म्यातून बघितलं. “महिना उलटला की. दंड लागंल.”

“लावा.”

त्या सालचा बिल्ला विड्याच्या पानाच्या आकाराचा होता. त्यानं पावती फाडली. कु. कुमुद देसूरकर, लेडीज सायकल, हिरवी. ती पावती बिल्ल्याभोवती गुंडाळली, पाखराचा बिल्ला त्याच रुमालात ठेवला आणि दुसऱ्या पहाटेची गाडी धरली.

बेळगावला टिळकवाडीत रेल्वेच्या पहिल्या गेटाजवळ बाईंचं घर होतं. रुळापासून दहा पावलांवर. ओसरीवर लाडकी उभी होती. तिच्या कपाळावरच्या त्या गर्द हिरव्या जागेत कुणी तरी कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

“आईनं लावलं,” आतून आवाज आला. “बोडक्या कपाळाची सायकल दारात नको म्हणाली.”

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात परडी, परडीत मोगरा. मला बघून दचकल्या नाहीत, हसल्याही नाहीत. “बसा आवटी. पाणी आणते.”

पाणी आलं, गूळ आला. आई दारातून डोकावून गेली. मी पाट सोडून ओसरीच्या कठड्यावरच बसलो होतो.

“शाळेचं काही काम होतं का?” बाईंनी विचारलं.

“नाही. कँपात एक पारशी आहे,” मी म्हणालो. जिभेला सवय होती, ती आपली चालू लागली. “त्याच्याकडे एक कोंबड्याचा बिल्ला आहे म्हणे. पहाट झाली की त्या कोंबड्याच्या तुऱ्याचा रंग...”

“शून्य,” बाई म्हणाल्या.

“पुरतं ऐका तरी.”

“दहापैकी शून्य. आज तुम्हाला खोटं जमत नाहीये.”

मी रुमाल बाहेर काढला. गाठ एकदम सुटली आणि दोन्ही बिल्ले फरशीवर पडले. पाखराचा धप्प आवाज करत पडला. पत्र्याचा मात्र पावतीसकट घसरत गेला आणि बाईंच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला. भोवतीची पावती उलगडली.

तेवढ्यात गेट पडलं आणि मालगाडी आली. त्या ओसरीवर गाडी आली की बोलणं बंद. एकेक डबा धडधडत जात होता, कौलं थरथरत होती, आणि बाई पावती वाचत होत्या. पावतीत वाचायला किती असतं? नाव, सायकल, रंग, तारीख. त्या पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत वाचत राहिल्या. गार्डाचा डबा गेला तेव्हा पावतीची घडी झालेली होती.

“कालची तारीख आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तेराला सुपारी फुटली. हुबळीच्यांशी.”

मी म्हणालो, “कार्ड मी... मला वाटलं तुम्ही हा काढायला सांगितलात.” खाली पडलेल्या पाखराकडे बोट केलं.

“आत्ता कळलं ते.” त्या सायकलीजवळ गेल्या. मागच्या मडगार्डवर टिचकी मारली. ते हललं नाही. “पार्सल आलं त्या दिवसापासून मी रोज गेटापासून स्टेशनपर्यंत फेरी मारली. सायकल का पाठवली ते कळेना; बिल्ला काढलेला होता त्याचं एवढं काही वाटलं नाही. म्हटलं, वेड आहे त्यांना. पण सहा दिवस झाले तरी मडगार्ड वाजेना. बारा दिवस झाले तरी वाजेना. तेव्हा समजले की मी यायला नको आहे.”

“तुम्हाला ठाऊक होतं? स्क्रूचं?”

“आवटी, सहा दिवसांनी सैल होणारा स्क्रू मिरजेत एकच होता. मावशीच्या घरी खणात पेचकस होता. मला आवळायचा असता तर मीच आवळला असता.”

मी उठलो. काय बोलायचं ते तेव्हा मला माहीत होतं. सगळं वाक्य तयार होतं, लहानसं. “बाई, सुपारीच फुटलीय. अजून...”

“दोन घरांचा शब्द गेलाय.” त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. आई आत पोळपाट वाजवत होती, मुद्दामच. “आणि दादानं चार ठिकाणी पेढे दिले. आता मी काय सांगू? मडगार्ड वाजत नव्हतं म्हणून हो म्हटलं?”

बाई खाली वाकल्या. पाखराचा बिल्ला उचलला, पंखाचा टवका बघितला, त्यावरून अंगठा फिरवला. मग तो माझ्या हातावर ठेवला, आणि पत्र्याचं पान आपल्या मुठीत धरलं.

“हा माझा,” म्हणाल्या. “तो तुमचा. ठरलंच होतं, मी गेले तर काढून घ्या.”

“बेळगावात तो चालणार नाही बाई. मिरज नगरपालिकेचा आहे.”

“तुमच्याकडे उशीर झाला की दंड लागतो ना?”

“लागला.”

“मग दंड भरून आणलेला बिल्ला मी वाया कसा घालवीन?”

गेट उघडलं होतं. पलीकडच्या सायकली इकडे आल्या, इकडच्या पलीकडे गेल्या. मीही त्यांच्यातून निघून आलो.

आज माझ्या भिंतीवर निळ्या मखमलीच्या फळ्यांवर दोनशे अकरा बिल्ले आहेत. पुण्या-मुंबईचे शौकीन बघायला येतात. मी त्यांना सिंहाची हकिकत सांगतो, ज्याची सायकल खंबाटकी घाट एकटीच चढून गेली. माशाची सांगतो, जो कृष्णेच्या पुरात सायकल सोडून पोहत गेला आणि नरसोबाच्या वाडीला सापडला. लोक हसतात, फोटो काढतात. मग कुणी तरी त्या पंखाला टवका गेलेल्या पाखरापाशी थांबतं. त्याच्याही मी आजवर सहा-सात हकिकती सांगितल्यात, आणि एकही दुसरीशी जुळत नाही. माझं पुढे लग्न झालं, संसार झाला. आमची ही दर दसऱ्याला सगळे बिल्ले उतरवून पुसायची. तेवढा एक माझ्यापुढे ठेवून म्हणायची, “हा तुमचा तुम्ही पुसा.” कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे.

एकोणनव्वद साली एका भंगारवाल्याकडे बिल्ले आहेत असं कळलं म्हणून हुबळीला गेलो होतो. बिल्ले निघाले ॲल्युमिनियमचे. परतीची गाडी होती म्हणून चालत स्टेशनाकडे निघालो. वाटेत मुलींची शाळा लागली. फाटकाच्या आत, कडुलिंबाखाली मास्तरणींच्या चार-पाच सायकली लावलेल्या. त्यातली एक हिरवी होती.

रंग पार पोपटी झाला होता, पुढे टोपली बसवली होती, सीट नवी होती. पण कपाळ मोकळंच. पंचवीस वर्षांच्या उन्हानं ती अंड्याएवढी जागाही बाकीच्या रंगात मिसळत आली होती, ठाऊक असणाऱ्यालाच दिसेल इतकी. तिथे कुंकवाचं बोट होतं, त्याच दिवशीचं. आणि हँडलच्या बोल्टात, गंजून काळं पडलेलं, पत्र्याचं एक विड्याचं पान. त्यावरचे आकडे बोटांना लागत होते. मिरज, चौसष्ट-पासष्ट.

शिपायानं विचारलं, “यार बेकु?” कोण हवंय? मी म्हटलं, कुणी नाही, सायकल बघतोय.

बिल्ले काढायचा बारीक पेचकस माझ्या खिशात कायम असतो. मी खाली वाकलो. मागच्या मडगार्डचा स्क्रू चांगला आवळलेला होता. त्याला अर्धा फेरा सैल केला. अर्धाच. म्हणजे बरोबर सहा दिवस.

आणि निघालो. तुम्ही म्हणाल, ही म्हाताऱ्याची आणखी एक थाप. थाप मारायची असती तर शाळेची घंटा मी तेव्हाच वाजवून बाईंना बाहेर आणलं असतं. ती वाजायला अजून पस्तीस मिनिटं होती, आणि माझी गाडी वीस मिनिटांनी होती.